शिजवलेलं हाड

सकाळपासून खेचरवाले चाचा दगडावर हाड घासत बसलेत. मध्येच पाण्याचा शिपका, चिमूटभर वाळू, पुन्हा घासणं. माझा फाटलेला बूट शिवायला त्यांना हाडाचा दाभण करायचाय. छावणीतला लोखंडी मोडला. उद्या बर्फातून खाली उतरायचंय, आणि फाटक्या बुटात पायाची बोटं कशी काळी पडतात ते मी या रस्त्याच्या कामावर पाहिलंय.

हाड त्यांच्याच खेचरीचं आहे. आमचं सिमेंट वाहताना ती परवा घसरून मेली. काल त्यांनी तिच्या पायाची नळी काढून आणली. मी शहाण्यानं, तेवढीच मदत म्हणून, ती उकळून स्वच्छ केली. घासायला घेतली तशी तडकली.

"शिजवलंस होय रे?" चाचा म्हणाले. "शिजलेलं हाड ठिसूळ होतं. कच्चंच घासायचं असतं."

"राहू द्या चाचा. मी चिंध्या गुंडाळीन."

"गप बस. चार पाय होते तिला."

आणि सुरी घेऊन ते पुन्हा तिच्याकडे गेले.

सातवीत शाळा सोडून घराबाहेर पडलो, तेव्हापासून मी लोकांनी दिलेल्यावरच जगतोय. कुणाचं स्वेटर, कुणाच्या ताटातली भाकरी. हात जोडायचे नि पुढं जायचं. देणाऱ्याला ते केवढ्याला पडतं, हे असं समोर बसून कधी बघावं लागलं नव्हतं.

आता दुसरी नळी टोकदार होत आलीय. थोडं घासलं की चाचा थांबतात, हाडावरून हळूच अंगठा फिरवतात. चढण संपली की तिच्या पायाला काही लागलंय का, ते असंच बघायचे.