पंच कोणी ठरवले?

मोनाली खोब्रागडेकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेत चोरी झाली तेव्हा. सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेतल्या नळांच्या तोट्या कोणीतरी काढून नेल्या होत्या. हवालदार पंचनामा करायला आले आणि पंच म्हणून त्यांनी समोरच्या सायकल दुकानातून आनंदरावांना बोलावलं. बाकीच्या दुकानदारांनी खाकी कपडे दिसताच शटर ओढून घेतलं होतं, कारण पंच झालं की पुढे कोर्टाच्या चकरा आल्या. आनंदराव मात्र हात पुसत आले आणि सही करण्याआधी अख्खा कागद मोठ्यानं वाचू लागले, अगदी तारखेपासून. हवालदारांची चुळबुळ सुरू झाली. आनंदरावांची मुलगी मोनाली मी शिकवत असलेल्या सातवीच्या वर्गात होती. "पाच तोट्या" हे शब्द कानावर पडताच ती उठली, नळांपाशी जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, चारच गेल्या. पाचवा नळ दिवाळीपासून बंद हाय, त्याले तोटीच नव्हती."

कागद दुरुस्त झाला. नंतर तिनं मला विचारलं, चोर पकडायचं काम पोलिसांचं, मग बाबाले काहून बोलावतात? मी सांगितलं, चोरीच्या जागी किंवा झडतीत काय सापडलं हे केवळ पोलिसांच्या तोंडचं राहू नये, मोहल्ल्यातल्यांनीही ते डोळ्यांनी पाहिलेलं असावं, म्हणून.

"पण हे ठरवलं कोनं, बाई?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नापायी ती कायदा शिकली, आणि काळा कोट न घालता फौजदारी प्रक्रियेच्या इतिहासात शिरली. एलएल.एम. झालं, पीएच.डी. झाली, मग वर्षानुवर्षं तासिकेवर शिकवणं. जुने निकाल चाळताना काही सापडलं की तिचा फोन यायचा, आणि मी हॅलो म्हणेपर्यंत तिची दोन वाक्यं बोलून झालेली असायची. झडतीला त्याच भागातले दोन भले लोक हवेत, हा नियम इंग्रजी अमदानीपासून प्रत्येक नव्या कायद्यात कसा टिकला, यावर तिनं पुस्तक लिहिलं. शेवटच्या प्रकरणात छातीठोकपणे म्हटलं की पुढचा कायदा आला तरी पंच जाणार नाहीत.

आणि २०२३ साली पुढच्या कायद्याचं विधेयक खरंच आलं. झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं होणार, अशी दुपारी बातमी होती. तिच्या कॉलेजातले गौरांग दाणी म्हणाले, "मॅडम, कॅमेरा आला, पंच गेला. शेवटचं प्रकरण आता श्रद्धांजली म्हणून छापा." थट्टाच ती, पण पुस्तक छपाईला जायचं होतं आणि कायमच्या जागेची तिची मुलाखतही त्याच्याच बळावर होणार होती.

त्या संध्याकाळी मी मोनालीच्या घरी होते. मसुदा तिच्या फोनवर आला होता, पण उघडायला तिचा हात धजेना. तिनं फोन वडिलांच्या हाती दिला. आनंदरावांनी चष्मा लावला आणि हिंदी मसुद्यातलं झडतीचं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं.

"बाबा, खाली जा न. पंचाचं पाहा."

"सुरुवातीपासून वाचल्याबिगर मी कोणता कागद मानत नाही, तुले ठाऊक हाय."

ती उठली, बसली, पुन्हा उठली. माझा चहा तिनंच पिऊन टाकला. आनंदराव एकेक कलम संपवत होते. मग ते थांबले आणि तीच ओळ पुन्हा वाचली : त्या मोहल्ल्यातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी.

"हाय वं," ते म्हणाले. "पंच हाय."

तिनं फोन ओढून घेतला आणि कलमाचा आकडा पाहिला. "बाई, एकशे तीन. इंग्रजांच्या अठराशे अठ्ठ्याण्णवच्या कायद्यातही पंचांचं कलम एकशे तीनच होतं. त्र्याहत्तरच्या कायद्यात ते शंभर झालं. आता परत एकशे तीन."

"म्हणजे फिरूनफिरून आपल्याच घरी आला पंच," आनंदराव म्हणाले आणि फोन परत मागू लागले. कॅमेऱ्याचं कलम वाचायचं राहिलं होतं.

मोनालीनं शेवटच्या प्रकरणात कॅमेऱ्यावर एक परिच्छेद वाढवला, बाकी एक ओळही बदलली नाही. पुस्तक निघालं. जागाही मिळाली; दाणी सरांनीच पहिला पेढा उचलला.

ती आता प्रतापनगरात राहते. आनंदराव तिच्याकडेच असतात. गेल्या महिन्यात खालच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली, तेव्हा शेजारच्यांनी दारं लावून घेतली, आणि पंचनाम्यावर पंच म्हणून या बापलेकीनं सह्या केल्या. वाचून.