खाली वाजतंय ती

पडद्यावर कोणीही बोलत असो, नायक असो, सावकार असो, नाहीतर मरायला टेकलेली आई असो, काका उजवा हात पुढे करायचे. तळवा खाली, जणू उतू जाणारं दूध हातानंच दाबून बसवायचंय. आणि म्हणायचे, ‘गप्प बसा रे जरा. खाली वाजतंय.’

पडद्यावरची माणसं अर्थातच गप्प बसायची नाहीत. काका तरीही दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी खरोखर दुखावले जायचे.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण जुन्या चित्रपटांतली गाणी सोडून त्यांचं पार्श्वसंगीत कान देऊन ऐकणारी माणसंही जगात असतात. आम्ही त्यातले. खारघरला सुहासच्या फ्लॅटवर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जमतो. सुहास आयटीत आहे. त्याच्या बायकोनं आमचं नाव ‘टँ-टँ मंडळ’ ठेवलंय. एखादी धून दुसऱ्यांदा कुठे येते, तेव्हा व्हायोलिनं वाढतात की नुसता सूर वर जातो, यावर आम्ही असे भांडतो की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं, फ्लॅटच्या वाटण्या चालल्यात. आमचं दुखणं एकच. गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, कॅसेटी निघाल्या, पण पार्श्वसंगीत कोणी वेगळं काढलंच नाही. ते संवादांच्या खाली गाडलेलं राहिलं. त्यामुळे एखाद्याकडे मूळ ध्वनिमुद्रणाची टेप आहे, अशी कुजबुज जरी झाली तरी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला ताप चढतो.

त्या मंडळात मी एकटीच बाई. नोकरी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत. आणि काका यायचे खांदेश्वरहून. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात सगळ्यांसाठी खडीसाखरेची पुडी.

काका एकाच चित्रपटाचे भक्त होते. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तो कुठेच चालला नव्हता. आईचं मूल हरवतं आणि मोठं होऊन कोर्टात सापडतं, इतकीच गोष्ट. पण त्यात आईची एक धून आहे, कोणी ओठ मिटून गुणगुणावं तशी. ती परत परत येते आणि दर वेळी कोणीतरी वरून बोलतं. आधी सावकार, मग डॉक्टर, आणि शेवटी कोर्टात ती पहिल्यांदा पूर्ण वाजते तेव्हा वकील. तो वकील तर थांबतच नाही. ‘हा मेला घसा बसून आजारी पडला असता तर काय बिघडलं असतं?’ काका म्हणायचे. धून सुरू व्हायच्या जरा आधीच ते खुर्चीत ताठ व्हायचे आणि म्हणायचे, ‘आली. ती आली बघा.’

धून म्हटल्यावर ‘ती’च म्हणणार. आम्हाला त्यात वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं.

ते गुणगुणणं म्हणजे बाईचा आवाज की वाद्य, हा मात्र आमच्यातला जुना वाद. कोणी म्हणे व्हायोलिन, कोणी म्हणे आवाजच. काका एरवी इतके गोड, पण इथे तापायचे. एकदा सुहासनं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर चालवलं. ते माणसांचा आवाज एका बाजूला काढतं आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला. वकील एकीकडे गेला. गुणगुणणं वाद्यांच्या बाजूला राहिलं, तेही खरखरीत, चिरकं झालेलं.

‘काका, टेन्शन नका घेऊ, पण हे मशीन काय म्हणतंय बघा,’ सुहास म्हणाला.

‘तुझ्या मशीनला काय कळतंय?’ काका ओरडले. ‘त्या हलकट वकिलाला माणसांत घेतलं आणि तिला वाद्यांत टाकली!’

सगळे हसले. काका हसले नाहीत. चपला घालून निघून गेले, खडीसाखरेची पुडी टीपॉयवर तशीच राहिली.

ती पुडी परत करायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेले. खांदेश्वरला, दुसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. गळ्याभोवती सुती रुमाल, चेहरा अतिशय हसरा. मी ‘काका आहेत का’ विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि दाराच्या कडीवर बोटातली अंगठी दोनदा वाजवली. काका आतून धावत आले. तेव्हा मला कळलं, काकूंना आवाज नाही. फार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला.

त्यांच्या घरातली बोलायची तऱ्हा मी त्या दिवशी पाहिली. काकूंचे ओठ हलायचे आणि काका त्यांचं वाक्य मोठ्यानं म्हणायचे, जसंच्या तसं. ‘मी म्हणते, चहात साखर कमी पडली का?’ असं ते पांढऱ्या मिशांतून म्हणाले आणि मला हसू आवरेना. काकूही हसल्या, खांदे हलवून, आवाजाविना.

चहा झाल्यावर काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि तिथेच सगळं सांगितलं. लग्नाआधी काकू स्टुडिओत कोरसमध्ये गायच्या. त्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला त्या होत्या. लग्नानंतर दोघं तो बघायला गेले, ती धून लागली, आणि काकांनी अंधारात विचारलं, ‘ही तूच ना गं?’ काकू लाजल्या.

‘तो आवाज तिचा आहे, मॅडम. घरात दुसरा नाही कुठे.’

‘एकही कॅसेट नाही?’

‘होती.’ काका कठडा धरून उभे होते. ‘मुलीच्या बारशाची. तिनं पाळणा गायलेला. एका रविवारी टीव्हीवर पिक्चर लागला, मला त्याचं पार्श्वसंगीत टेप करायचं होतं, कोरी कॅसेट सापडेना. मी त्याच्यावरच केलं. तिला कळलं तेव्हा हसली. म्हणाली, एवढं काय त्यात, परत गाईन की.’

मी पुडी त्यांच्या हातात दिली. आत कुठेतरी काकू भांडी लावत होत्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूंचं दुखणं उलटलं. डॉक्टर आता फारसं काही बोलत नव्हते. आणि आमचे गोड काका बदलले. ग्रुपवर ज्याला त्याला विचारू लागले, टेप कोणाकडे असेल, कोणाला तरी फोन करा, मी येतो, मी पाया पडतो. डोंबिवलीला एक संग्राहक आहे, त्याच्याकडे बरंच काही आहे आणि तो ते कोणाला ऐकवत नाही. काका त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यानं जाळीच्या दारातूनच सांगितलं की असल्या गोष्टी तो प्रसादासारख्या वाटत नाही. ग्रुपवर एकजण वैतागून म्हणाला, ‘काका, जरा धीर धरा ना.’

‘कोणी धरायचा?’ काकांनी विचारलं. ‘मी की तिनं?’

मला एकदा म्हणाले, ‘मी पुसला ना तो आवाज. तिला तो एकदा परत ऐकवायचाय. मोकळा. वर कोणी बोलत नसताना. तेवढं झाल्याशिवाय ती जाता कामा नये.’ हे ते माझी वाट अडवून सांगत होते. मला त्यांची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. असं हट्टानं मागितलेलं सहसा मिळत नाही, आणि मिळालं नाही तर हा माणूस काय करील?

मिळालं. तेही माझ्या डब्याच्या टेबलावर. माझ्या शेजारी बसून जेवणाऱ्या सकपाळ बाई एक दिवस कुरकुरत होत्या. ‘मॅडम, सासऱ्यांच्या खोलीचा माळा रिकामा करतोय. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. एवढी मोठी मोठी टेपची रिळं निघाली. भंगारवाला पण घेत नाय.’ सासरे काय करत, विचारलं. ‘रेकॉर्डिंग स्टुडिओत होते ना, पिक्चरच्या.’

माझा घास हातात राहिला. बाई भल्या. रिळं त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून संगणकावर उतरवून घेतली. त्यात आमचा चित्रपट होता. एका दुपारी ती फाइल माझ्या फोनवर आली. मी ती ऐकली नाही. त्या दोघांच्या आधी ऐकायचा मला काय हक्क? अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खांदेश्वर गाठलं.

काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. काकांनी पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. स्पीकरचा छोटा डबा पलंगावर, काकूंच्या गुडघ्याशी ठेवला. मी फाइल सुरू केली.

आधी खरखर. मग एका पुरुषाचा, नोंद करून ठेवणारा आवाज: ‘थीम. तारशहनाई. टेक तीन.’

तारशहनाई म्हणजे गजानं वाजवायचं, कर्णा लावलेलं तारांचं वाद्य. रडायच्या प्रसंगांना हमखास वापरत, आणि ते माणसाच्या गळ्यासारखंच रडतं. आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक. काकांना तर आमच्या आधीपासून.

आणि ती आली. पहिल्यांदाच मोकळी, पूर्ण, वर कोणीही न बोलता. काकांचा तळवा सवयीनं पुढे आला होता, तो तसाच हवेत राहिला. मला फोन बंद करावासा वाटत होता आणि बोट हलत नव्हतं. इतकी सुंदर धून मी त्याआधी ऐकली नव्हती. त्या घटकेला मला तिचा तिटकारा आला.

काकू डब्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. त्यांनी उजवा हात उचलला आणि धुनीबरोबर हवेत सावकाश गज ओढल्यासारखा केला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

‘तुला ठाऊक होतं?’ काकांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. हो.

‘मग बोलली का नाहीस?’

काकूंचे ओठ हलले. आणि काकांनी, सवयच ती, मोठ्यानं म्हटलं, ‘तुम्ही किती खूश झाला होतात.’

धून संपली. टेप मात्र चालूच होती. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं. मग मागे कुठेतरी पोरी हसल्या. सहा-सात जणी असतील, कशाला हसल्या कोण जाणे, दाबून दाबून हसत होत्या आणि हसू आवरत नव्हतं. मग तोच पुरुषी आवाज, ‘कोरस, गप्प बसा जरा.’ सगळं शांत झालं आणि टेप संपली.

‘परत लावा,’ काका म्हणाले. ‘तो शेवट लावा, मॅडम.’

मी लावला. परत लावला. काका पलंगाशी खाली बसले, कान डब्याला टेकवला. ‘ह्यातली तू कोणती गं?’ त्यांनी विचारलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ. त्यांचे ओठ हलले. काका लगेच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘मला नाही ओळखता येत.’

ते वाक्य काकूंचं होतं की त्यांचं स्वतःचं, मला कळलं नाही. पुढे काकांनीच सांगितलं, दोघांचंही होतं.

आणि मग ते त्या डब्यावर ओरडले, त्या केव्हाच मेलेल्या माणसावर. ‘कशाला गप्प केलंस रे त्यांना? हसू द्यायचं होतंस ना! तुझं काय जात होतं?’ काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

निघताना मी विचारलं, हे ग्रुपवर टाकायचं का. ‘टाका,’ काका म्हणाले. ‘बिचारे किती वर्षं वाट बघतायत. शेवट तेवढा कापा.’

मी कापला. ग्रुपवर दिवाळी झाली. कोणी रडल्याचं लिहिलं, कोणी माझ्या पाया पडल्याची चित्रं पाठवली, ‘वाद्यच’ म्हणणाऱ्यांनी वाद जिंकल्याचे पेढे मागवले. सुहासनं लिहिलं, ‘काय क्लीन आहे! शेवटचा कचरासुद्धा साफ केलाय कोणीतरी.’ मी त्यावर अंगठा दिला. दुसरं काय देणार होते?

महिना उलटायच्या आत काकू गेल्या.

काका त्यानंतर एकदाच मंडळात आले. सुहासनं मुद्दाम तोच चित्रपट लावला, त्यांना बरं वाटावं म्हणून. कोर्ट आलं, वकील उभा राहिला, आणि आम्ही सगळे नकळत काकांच्या हाताकडे बघायला लागलो. हात मांडीवरच होता. कोणीतरी चेष्टेनं म्हणालं, ‘काका, गप्प बसवा ना त्याला.’

‘बोलू दे रे,’ काका म्हणाले.

पुण्याला मुलीकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. घरात काही उरलं नसावं, आवाज घुमत होता. म्हणाले, ‘इतकी वर्षं तिचा आवाज म्हणून मी त्या तारशहनाईलाच आठवत बसलो, मॅडम. खरा कसा होता, ते त्याच्याखाली गेलं. कॅसेट एकदा पुसली, हे दुसऱ्यांदा पुसलं.’ मग, ‘तुम्ही तो शेवट ऐकत जा. तुमचे कान चांगले आहेत. सापडली तर कळवा.’

मी त्यांच्या बायकोचा आवाज कधीच ऐकला नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते मला सांगत होते. मी ‘हो’ म्हटलं.

आता त्यांचा फोन लागत नाही. मुलीचा नंबर मी घेतला नव्हता. तो कापलेला शेवट माझ्याकडे आहे, आणि मी शब्द दिल्यासारखी तो ऐकते. एक जण जरा घोगरं हसते, ती काकू असाव्यात, असं एकदा वाटतं. मग वाटतं, ती नव्हे, जी उशिरा हसायला लागते ती. कुठलीतरी एक नक्की करावी म्हणून मी कान देते, तेवढ्यात तो माणूस म्हणतो, ‘कोरस, गप्प बसा जरा,’ आणि त्या पोरी गप्प बसतात.