सोळा वर्षांचा अबोला

स्नेहल माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. वय एकवीस, अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटचं वर्ष, घरून रोज जाऊन-येऊन. कॅम्पसमधून बंगळूरची नोकरी लागली होती, एक जुलैला हजर व्हायचं होतं. नोकरीचं पत्र आलं आणि चौथ्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही सापडलं नाही, म्हणून तिला माझ्याकडे धाडलं. नारायणगावात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी समुपदेशक म्हणून दर गुरुवारी बसते आणि एकट्या माणसाला नाही, अख्ख्या घराला बोलावते. लोकांना ते पटत नाही. घसा पोरीचा बिघडलाय तर आम्हाला कशाला बोलावलं, असं तिच्या वडिलांनीही विचारलंच.

वडील भगवंत आणि आई सरूबाई, दोघं राजुरीचे, घरची बागायत. मी खोलीत खुर्च्या मांडून ठेवते आणि कोण कुठं बसतं ते बघते. स्नेहल न सांगता मधल्या खुर्चीवर बसली. पोरीनं नोकरीला जावं असं तुम्हाला वाटतं का, असं मी सरूबाईंना विचारलं. त्या लेकीकडे वळून म्हणाल्या, पप्पांना विचार. स्नेहलनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली, प्रश्न लिहिला आणि वडिलांपुढे धरला. त्यांनी तो वाचून उत्तर तिलाच दिलं. सरूबाई तिथून हातभर अंतरावर होत्या.

आवाज गेला तरी पोरीला कामातून सुटी नव्हती. त्या वहीची अर्धी पानं भरलेली बघून मला त्या दोघांचा संताप आला, आणि तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, एवढंच.

सोळा वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा अमृत घरच्या शेततळ्यात बुडाला. आठ वर्षांचा होता. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की पाय ठरत नाही, मोठ्या माणसालाही काठावर चढता येत नाही. तेराव्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण नाही, मारहाण नाही, कुणी माहेरी गेलं नाही. पाच वर्षांची स्नेहल मधे धावायला लागली. जेवण वाढलंय, मोटार बंद केली का, उद्या मजूर येणार आहेत. मामा वारल्याचं आईच्या वतीनं वडिलांना तिनंच सांगितलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता ती बंगळूरला गेली की त्या घरात बोलणार कोण, हा प्रश्न तिच्या घशात अडकला होता, असं मी ठरवून टाकलं.

मला नडली ती माझीच हुशारी. आजारी एक जण दिसतो, पण आजार सगळ्या घराचा असतो, हे आम्ही शिकलेलो असतो. मला तो सापडलाय असं वाटत होतं. तिसऱ्या गुरुवारी मी मधली खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली, स्नेहलला तिथं बसवलं, दार लोटून घेतलं आणि दोघांना म्हटलं, आता एकमेकांकडे बघून बोला, काहीही बोला. फार तर दोघं रडतील, असा माझा अंदाज होता.

बराच वेळ खालून टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग सरूबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी तळ्याला जाळी लावतो म्हणला व्हता."

"आन् तू झोपली व्हतीस," भगवंत म्हणाले.

ही दोन वाक्यं बाहेर पडू नयेत म्हणून दोघं सोळा वर्षं गप्प होते. मला हे तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. दार उघडलं. स्नेहल उंबऱ्यात उभी होती, वही छातीशी धरलेली. आवाज घोगरा होता, पण शब्द सगळे स्पष्ट होते.

"चेंडू माझा व्हता. दादाला मीच म्हणलं, काढून दे."

  भगवंत उठले, टोपी घातली आणि बायकोला म्हणाले, "चल." ती मुकाट त्यांच्यामागं गेली. दोघं राजुरीच्या जीपमध्ये बसून निघून गेले, लेकीसाठी थांबले नाहीत. ती माझ्यासमोर बसून राहिली. संध्याकाळी मीच तिला अवसरीच्या होस्टेलवर मैत्रिणीकडे सोडलं.

पुढच्या गुरुवारी नवरा-बायको दोघंच आले आणि शेजारी-शेजारी बसले. कांद्याला पाणी धरलं का, असं तिनं त्याला विचारलं आणि त्यानं तिला उत्तर दिलं. वरवर बघणाऱ्यानं मला शाबासकी दिली असती. पाच वर्षांचं लेकरू होतं ते, असं मी कितीदा समजावलं. भगवंत सगळं ऐकून म्हणाले, "कळतंय, मॅडम. पण तिच्याशी बोलाय तोंड उघडत न्हाई." त्यानंतर ते आले नाहीत. एकाला बोलतं केलं की दुसरा मुका होतो, असं घर मी आधीही पाहिलं होतं. तरी मी सावध राहिले नाही, याची मला आजही लाज वाटते.

स्नेहल एकटीच बंगळूरला गेली. नोकरीवर हजर झाली, आवाज टिकला. गणपतीच्या आधी सरूबाईंचा मला फोन आला. नवरा शेतात गेला होता.

"तिला इचारा मॅडम, जेवती का नीट. आन् गणपतीला यीऊ नको म्हणावं. ह्यांना अजून सोसत न्हाई."

तुम्ही स्वतः फोन करा, हे मी म्हणायला हवं होतं, आणि म्हटलंही.  त्यांनी फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मी बरं म्हटलं आणि स्नेहलला फोन लावला. दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या, आईनं सांगितल्या त्याच क्रमानं. 

"आईला सांगा," ती म्हणाली, "जेवते म्हणून."

मी सांगितलं.