बहिणीच्या तोंडी माझं भाषण

स्वतःचा ताठा तुम्ही कधी दुसऱ्याच्या तोंडात घातला आहे का? मी घातला, माझ्या सख्ख्या बहिणीच्या.

संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबाग-परळमध्ये रोज सभा होत, तेव्हाची गोष्ट. मी गिरणीच्या गेटवर वाटायची पत्रकं लिहीत असे, सभांत भाषणंही करत असे. बहीण मॅट्रिक झालेली. फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोनवर बसायची जागा निघाली होती. मुलाखतीत आयत्या वेळी विषय देऊन इंग्रजीत बोलायला लावतात, असं तिने ऐकलं होतं.

"दादा, चार साधी वाक्यं सांग. सुरुवात कशी करायची, अडलं तर काय म्हणायचं."

साधी वाक्यं मला येत होती. 'लेट मी थिंक फॉर अ मोमेंट', म्हणजे जरा विचार करू द्या. पण साहेबापुढे वेळ मागणं मला मिंधेपणाचं वाटलं. मी माझंच एक पत्रक इंग्रजीत उतरवलं आणि तिच्याकडून घोकून घेतलं. 'फ्रेंड्स, द आवर हॅज कम', मित्रांनो, ती घटका आली आहे.

"अरे, तिथे तीन माणसं असणार. फ्रेंड्स कुणाला म्हणू?"

"तू आवाज चढव. बाकीचं आपोआप होतं."

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "नोकरी मागायला चाललीय ना ती? की गिरणी बंद पाडायला?"

मुलाखतीत विषय निघाला, सकाळचा चहा. बहिणीने मूठ वळून माझी घटका आणली. समोरचे तिघे हसले. ती थांबली, आणि थांबल्यावर काय म्हणायचं ते तिच्यापाशी नव्हतं. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

घरी येऊन तिने पातळ बदललं आणि तांदूळ निवडायला घेतले. मग म्हणाली, "चहावर मी खूप बोलले असते रे. थोडा वेळ मागता आला असता तर."

ती रागावली नाही, हेच मला अजून खुपतं. त्या संध्याकाळच्या सभेत 'आमचा आवाज कुणी दाबू शकत नाही' हे वाक्य मला म्हणायचं होतं. मी ते गाळलं.

तुमच्या चाळीतून कुणी मुलगी अशा मुलाखतीला निघाली असेल, तर आज तिच्याजवळ बसा. विचाराला वेळ मागायचं ते एक वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. मग तुम्ही गप्प राहा, आणि तिला तिचं बोलू द्या.