मामीला विचारा

आपलं दुखणं आपल्या तोंडाने कधीच न सांगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो म्हणजे माझे आंजी गावचे मामा. एरवी ते अबोल मुळीच नाहीत. सोयाबीनवरची अळी, शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याचं पोट, सरपंचाची शुगर, यांवर ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलतील. पण ‘तुम्हाला काय होतंय?’ असं कुणी विचारलं की मामांची मान आपोआप मामीकडे वळायची. दाढ सुजली तर कुठली, हे मामी सांगायची. ताप कधी चढला, पोट कशाने बिघडलं, तेही तीच. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवून ‘दिसतंय का?’ असं विचारलं, तेव्हा मामा मागे वळून म्हणाले, “दिसून राह्यलं का वं मले?” मामी शांतपणे म्हणाली, “वरचं दिसते. खालचं नाई.” चष्म्याचा नंबर त्यावरूनच निघाला, असं आम्ही भाचेमंडळी अजून छातीठोकपणे सांगतो.

मागच्या वर्षी मामी गेली. मामांचं जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणं आटलं. सिंदी मेघ्याला माझ्या घरी आणलं, तर दिवसभर दाराकडे बघत बसायचे. हा माणूस असाच हातचा जाईल, अशी मला भीती वाटायला लागली. शेवटी मी मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

“वेड्यायचा डॉक्टर?” मामा म्हणाले. आणि मग, “बरं. पण गावात सांगू नोका, भाचेबुवा.”

इस्त्रीचा सदरा घालून, डॉक्टरांसाठी पिशवीत पेरू घेऊन ते निघाले. आत गेल्या गेल्या त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि जीभ बाहेर काढली. डॉक्टरीणबाई हसल्या. “असू द्या काका, आज आपण नुसतं बोलणार आहोत.” झोप कशी आहे, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का, असं त्या विचारत गेल्या आणि मामा त्यांना खिडकीतल्या तुळशीला पाणी कसं जास्त होतंय ते समजावत राहिले. न राहवून मीच तोंड उघडलं, तर बाईंनी हाताने थांबवलं. “त्यांना सांगू द्या. आज नाही जमलं तर पुढच्या वेळी.”

पुढच्या वेळीही सुरुवात तुळशीपासूनच झाली. बाईंनी ऐकून घेतलं आणि परत विचारलं, “काका, तुम्हाला काय होतंय?” मामांची मान सवयीने बाजूच्या खुर्चीकडे वळली. तिथे मी होतो. सगळी उत्तरं माझ्या ओठांवर आली होती, ती मी गिळली. मामा हळूच म्हणाले, “मले काय होते ते तिले माईत राहे. आता कोणाले इचारू, बाई?”

आणि ते रडले. बाईंनी घाई केली नाही. मग डोळे पुसत मामा एकेक सांगत गेले. सकाळी उठावंसं वाटत नाही, घास उतरत नाही, घर खायला उठतं.

औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर ऑटोची वाट बघत उभे राहिलो. मामांचा चेहरा जरा सैल झाला होता. “सांगता येते वो मले,” ते नवलाने म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, “मंग तिच्यापाशीच काऊन नाई बोललो मी कधी? तिले किती बरं वाटलं असतं.”

मी त्यांचा हात धरला. हे ऐकायला मामी हवी होती, असं मला फार वाटलं.