पडायला येणारे तपासनीस

"हं, पाड की मला!"

तालमीच्या बुटक्या दारातनं वाकून आत यायचं, पागोटं खुंटीला अडकवायचं, की चाचांचं पहिलं वाक्य हेच. मग तांबडी माती अंगाला चोळायची, मांडीवर थाप मारायची आणि समोर दिसंल त्या पैलवानाला धरायचं. दाढी पांढरी, गुडघे कुरकुरणारे. तुम्हीच सांगा, दरबारचा तपासनीस असा असतोय व्हय?

तवा महाराजांच्या दरबारातनं पैलवानांना खुराक मिळायचा. दूध, तूप, बदाम. पण तो पैलवानाच्या हातात न्हाय, वस्तादांच्या ताब्यात. त्यांनी तो ज्याचा त्याला द्यायचा. खरंच देतात, की वस्तादांचे मेहुणेच गुटगुटीत होतात, हे बघायला चाचा. कोठी उघडायला लावायचे न्हाईत, कागद मागायचे न्हाईत. सरळ धरायचे. पैलवानानं मातीत लोळवलं की पडल्या पडल्या ओरडायचे, "पोचलं! दूध पोचलं!" एवढा खूश होऊन पडणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाय.

मी तालमीतला सगळ्यात किडकिडा. मला एका बोटानं ढकलून म्हणायचे, "तुझं दूध कुठं जातंय रं?"

"नकलांत जातंय, चाचा."

"मग माझी कर की!"

मी करायचो, गुडघ्यांच्या कुरकुरीसकट. सगळ्यात मोठ्यांदा तेच हसायचे.

घोळ घातला नेसरीच्या पैलवानानं. नवा गडी, दारात मावंना असा. चाचांनी धरलं, तर ह्यानं आधी त्यांच्या पाया पडून घेतलं आणि मग आपणहून आडवा झाला! वडीलधाऱ्याला पाडायचं कसं?

चाचांचं तोंड उतरलं. "वस्ताद, एवढा डोंगर ह्या म्हाताऱ्यानं पाडला. ह्याचं दूध कुणी प्यालं?"

"त्यानंच! आईशपथ, चाचा!"

"मग अंगात दिसंना का? येत्या बाजारी पुन्हा येतो. तवाबी असंच झालं, तर खुराक दुसऱ्या तालमीला."

वस्ताद तर अगदी सरळ माणूस. चाचा गेल्यावर नेसरीकराला म्हणाले, "बाबा, तुझ्या पाया पडतो, पण त्यास्नी पाड!"

"हातच उचलत न्हाय, वस्ताद."

मग मी चाचा झालो. लोकरीची दाढी लावली, पागोटं चढवलं, गुडघे वाजवले. "हं, पाड की मला!" नेसरीकर फिसकन हसला आणि त्यानं मला उचलून आपटलं. बाजाराच्या दिवसापर्यंत रोज आपटलं. माझ्या बरगड्यांना विचारा.

बाजारादिवशी खरे चाचा आले. "हं, पाड की मला!"

नेसरीकर रडकुंडीला. मी चाचांच्या मागं उभा राहून त्यांचंच तोंड केलं. त्यानं बघितलं, खुदकन हसला, आणि धोबीपछाड! चाचांचे पाय आढ्याकडं. धप्प!

वस्तादांनी डोळे गच्च मिटलेले.

आणि मातीतनं आवाज, "पोचलं! बदामासकट पोचलं!"

एकच कल्ला झाला. वस्ताद हसता हसता रडत होते. नेसरीकर पुन्हा पायाशी वाकला, तर चाचा म्हणाले, "आता पड. आता चालंल."

पुढं चाचा वारले आणि त्यांच्या जागी नवे तपासनीस आले. पायात बूट, काखेत छत्री. उंबऱ्याबाहेरनंच विचारलं, "मिळतो न्हवं खुराक?" वस्ताद म्हणाले, "मिळतो." झाली तपासणी.

नेसरीकर मात्र माती चोळून, हात पुढं करून आखाड्यात उभाच होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "तू तरी म्हण की."

मी तोंड उघडलं. पण चाचांचा आवाज निघंना, माझाच निघाला.