मामींना बसवून न बघता घेतलेली बोट

माझ्या बायकोच्या मामांइतकं चिकित्सक गिऱ्हाईक अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचं नाही. म्हैस घ्यायची तर दोन्ही वेळची धार स्वतः काढून बघणार, आणि वर मामींनाही काढायला लावणार. "जलमभर धार हिला काढायची हाय, मला न्हवं," हे त्यांचं शास्त्र. सोफा घेताना त्यांनी मामींना दुकानातच आडवं व्हायला लावलं आणि स्वतः बाहेर चहाला गेले. जीप घेतली तेव्हा मामी सहा वेळा चढल्या-उतरल्या; गुडघे कुरकुरले नाहीत, तेव्हा कुठं सौदा झाला. हे किस्से मी पाहुण्यारावळ्यांत रंगवून सांगायचो आणि मामाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

गेल्या वर्षी त्यांनी बोट घ्यायचं काढलं. शेत धरणाच्या पाण्याला लागून, दर रविवारी लेकी-नातवंडं जमणार. पण मूळ कारण वेगळंच. "तुमच्या मामीनं सारा जलम काठावर धुणं धुतलं, एकदा मधी जाऊन बघू दे की." विकणाऱ्याकडं दोन बोटी होत्या. एक पसरट, छपराची, चढायला पायरी असलेली आणि चालीला अगदीच म्हातारी. दुसरी लाल, निमुळती, उंच कडेची, नुसती पळणारी. मामा दोन्हींभोवती फिरले, हातानं थापटून बघितल्या आणि म्हणाले, "लाल भारी हाय, पर मामीला आणून बसवून बघूया."

मी विकणाऱ्यादेखत हसलो. "मामा, बोट आहे ही, म्हैस नव्हे. लोक काय म्हणतील?" विकणाराही हसला. मामा एरवी कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हेत, पण शिकलेल्या जावयापुढं त्यांचा चेहरा उतरला. "तुमी म्हणताय तर लाल," एवढंच बोलले. लोकांचं मला काही पडलं नव्हतं. ती लाल बोट मला चालवायची होती. हे लिहितानाही लाज वाटते.

पहिल्याच रविवारी मामींचा पाय त्या कडेवरून जाईना. दोघांनी दंड धरले, खाली स्टूल दिलं. बोट हलली, तशा मामी घाबरून मागं सरल्या. "जावा तुमी. मी चपला राखते," म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी असंच चाललंय. मामांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. किल्ली माझ्या हातात देतात आणि स्वतः काठावर मामींशेजारी बसतात. परवा धीर करून म्हटलं, "मामा, ही देऊन ती पसरट घेऊया." "ती गेली की कवाच," ते म्हणाले. "जावा जावईबापू, पोरं थांबल्यात." पाण्याच्या मध्यावर बोट वळवली की काठावरची ती दोघं दिसतात, पुढ्यात आमच्या चपलांची रांग, आणि मामी हात हलवत असतात.